शेजारणीचे ऊन

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा घरे मातीची असत आणि भांडणे आजच्याइतकीच पक्की असत. एका गावात एक सुतार राहत होता. हात सोन्याचे, पण एकदा तोंडातून शब्द गेला की तो मागे घेणे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

त्याचे घर लहान होते, आणि सुनेला दुसरे मूल व्हायचे होते. व्याह्यांनी गोडीत निरोप धाडला, "तुमच्याकडे जागेची अडचण दिसते. संक्रांतीला येतो नि लेक, जावई, नातू, सगळ्यांना आमच्याकडेच राहायला घेऊन जातो." सुताराच्या ते जिव्हारी लागले. एकुलता एक मुलगा, आणि नातवंडे दुसऱ्याच्या अंगणात वाढणार, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना. संक्रांतीच्या आत घरावर माडी चढवायची, असे त्याने ठरवले.

त्याच्या उत्तरेला एक रंगारीण राहत होती. पंचक्रोशीतल्या लग्नांची पागोटी तीच रंगवायची आणि अंगणातल्या दोऱ्यांवर वाळवायची. माडीचे कानावर येताच ती कुंपणाशी आली.

"सुतारदादा, तुमची माडी झाली की माझं ऊन जाईल."

"आक्का, ऊन काय तुमच्या नावावर लिहून दिलंय?" सुतार म्हणाला.

झाले. प्रकरण पंचांकडे गेले.

त्या गावाची एक जुनी रीत होती. ज्याला माडी बांधायची असेल त्याने तेवढ्या उंचीचा बांबू उभा करायचा. भर दुपारी सावली जिथे पोचेल तिथे पाटलाने चुन्याची रेघ मारायची. रेघ शेजाऱ्याच्या हद्दीत गेली तर माडी नाही. बांधकामे उन्हाळ्यात निघत, म्हणून बांबूही उन्हाळ्यातच उभा राही. यात काही चुकते आहे असे सात पिढ्यांत कोणाच्या मनात आले नव्हते.

वैशाखात बांबू उभा राहिला. सूर्य अगदी डोक्यावर, सावली बांबूच्या बुडाशीच गोळा झालेली. पाटलाला रेघ मारायला जागा सापडेना, निम्मा चुना त्याच्या स्वतःच्या पायावर सांडला.

रंगारीण म्हणाली, "पाटील, माघातल्या लग्नांची पागोटी मी पौषात रंगवते. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. सावली त्या दिवसांतली मोजा."

"आक्का, रीतीत महिना सांगितलेला नाही," पाटील म्हणाला. लोक हसले, आणि पंचांनी कौल सुताराला दिला. सुताराने मिशीवरून हात फिरवला.

त्या दिवसापासून दोन घरांतले बोलणे बंद झाले. गावाचीही वाटणी झाली. निम्मे लोक सुताराकडून भांडू लागले, निम्मे रंगारणीकडून, आणि ज्यांना दोन्हीकडचे काही कळत नव्हते ते सगळ्यांत मोठ्याने भांडू लागले.

पावसाळा सरला, दसरा झाला, माडीचा सांगाडा उभा राहिला. पौष लागला तेव्हा शेवटचे थोडे वासे बसवायचे उरले होते. एका दुपारी सुतार वर बसून पाणी पीत होता, आणि त्याची नजर सहज खाली गेली.

माडीची सावली रंगारणीच्या अंगणात मागच्या भिंतीपर्यंत पसरली होती. आठही दोऱ्या सावलीत. आता ही आरडाओरडा करील, असे त्याला वाटले. पण एकेक ओले पागोटे उचलून ती गोठ्यामागच्या उन्हाच्या पट्ट्यात नेत होती. तिथे दोनच मावत होती. बाकीची सावलीत सावकाश वाळून डागाळली होती. रंगारीण ती पुन्हा रंगात बुडवत होती, पुन्हा पिळत होती.

सुताराला लाज वाटली. चांगल्या रंगावर डाग पडलेला पाहून कारागिराला काय होते, हे त्याला कोणी सांगायला नको होते.

"आबा, थांबलात का?" मुलाने खालून विचारले. "चार दिवसांचं काम उरलंय."

"उत्तरेची बाजू उतरवायची," सुतार म्हणाला.

"अहो, पंचांनी आपल्याला दिलंय! संक्रांत पंधरा दिवसांवर आली. माझे सासरे गाडी घेऊन येतील, मग मी त्यांना काय सांगू?"

नातू खाली अंगणात भुशाचे ढीग करत होता. सुताराने त्याच्याकडे पाहिले. मग हातोडी उचलली आणि सकाळीच बसवलेल्या वाशांच्या खुंट्या ठोकून बाहेर काढायला लागला.

गाव जमले. रंगारीणही कुंपणाशी आली. "दादा, हे काय चाललंय?"

"आक्का, माझं मोजणं चुकलं होतं," सुतार सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "तुमचं बरोबर होतं."

पाटलाने मान खाली घातली. मग म्हणाला, "माझंही चुकलं. आजपासून या गावात सावली पौषातच मोजायची."

आता वेळेशी झुंज होती. सुताराने माडी दक्षिणेला सरकवली आणि चार नवे खांब रोवून ती स्वतःच्या पडवीवर घेतली. लाकूड तासायची त्याची मोकळी जागा त्यात अडली, पण खोलीचा एक हातही कमी झाला नाही. रंगारणीने पदर खोचून पहिली तुळई उचलायला हात लावला. मग दोन्हीकडून भांडणारे गाव लाजून कामाला लागले. जे आधी मोठ्याने भांडत होते, ते आता मोठ्याने हुकूम सोडू लागले, एवढाच फरक.

उत्तरेचे निम्मे छप्पर सपाट आणि मोकळे राहिले. माडीची सावली आता तिथेच अडायची. छपरावर जिथे ऊन उरले तिथे सुताराने खुंट्या ठोकल्या आणि म्हणाला, "आक्का, दोऱ्या बांधा." वर वारा असा मोकळा, की वाळायला दिवसभर घेणारी पागोटी दुपारीच वाळू लागली.

संक्रांतीला व्याही आले. वेशीपासूनच त्यांना सुताराच्या घरावर लाल, केशरी, पिवळी पागोटी फडफडताना दिसली. कोणाचे लग्न आहे, असे त्यांनी वाटेत दोघांना विचारले. दारात गाडी थांबली, तेव्हा लेक माडीच्या खिडकीत उभी होती आणि नातू तिच्या कडेवरून हात हलवत होता; मागे तान्ह्याचा पाळणा टांगलेला होता.

"चल, बाळ, गाडी आणलीय," व्याही लेकीला म्हणाले.

"बाबा, तुम्हीच वर या," लेक म्हणाली. "इथं खूप जागा आहे."

व्याही वर गेले, तिळगूळ खाल्ला, दोन दिवस राहिले आणि रिकामी गाडी घेऊन आनंदाने परतले.

तात्पर्य एवढेच: पंचांनी हक्क दिला, तरी घर उंच करण्याआधी ते एकदा शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहून पाहावे.