तांदळातलं नाव

चिपळूणचे निवृत्त मुख्याध्यापक देवस्थळी सर आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन झाले आणि त्यांना पुन्हा शाळा मिळाली. कुणी काय लिहावं, काय लिहू नये, सगळं तेच ठरवत.

त्या ग्रुपवर शिवणकाम करणारी चैत्राली आली. एकेकाळी ती सरांच्याच शाळेत मुलगा म्हणून शिकली होती. सरांनी वर्गाचा जुना फोटो शोधून काढला आणि तो तिच्या जुन्या नावासकट ग्रुपवर टाकणार, असं तिला कळवलं. ती धावतच त्यांच्या घरी आली.

"सर, नका टाकू. त्या नावाने मी फार सोसलंय."

"लोकांना खरं कळायला हवं. जन्माचं नाव तेच खरं!" सरांचं बोट फोनवरच होतं.

त्यांच्या पत्नी वसुधाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

"अहो, मग आधी माझं जन्माचं नाव टाका. लग्नात तुम्ही अंगठीने तांदळात 'वसुधा' लिहिलंत, तेव्हापासून या घरात ते जुनं नाव कुणी घेतलेलं नाही."

सर ते नाव आठवू लागले. नाव आठवेना.

"माझं नाव तुम्ही बदललंत, तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. हिने स्वतःचं स्वतः ठेवलं, तर ते खोटं?"

सरांनी मान खाली घातली. फोटो पुसून टाकला. मग हळूच विचारलं, "काय होतं गं तुझं नाव?"

वसुधाबाईंनी चहाचा कप चैत्रालीच्या हातात दिला.

"ते कुणाला सांगायचं, हे आता मी ठरवीन."