लिथारीच्या झऱ्यावरच्या शिव्या

ग्रीसच्या समुद्रात लिथारी नावाचं एक लहानसं बेट आहे. नकाशावर ते शोधायला गेलं तर आधी माशीने घाण केली असावी असं वाटतं, आणि बेटावरच्या लोकांना ते तसंच बरं आहे. वसंतात उत्तरेचा वारा जरा निवला, की पाहुणे शिडाच्या होड्यांतून येतात, बंदरात नांगर टाकतात आणि पाठीला पिशव्या लावून डोंगर चढू लागतात. वाट खडी आहे. दोन्ही अंगांना लाल खसखशीची फुलं, ओव्याच्या वासाची झुडपं, मध्येच एखादी आडमुठी बकरी. वर पोचेपर्यंत घशाला कोरड पडते. नेमक्या तिथेच, जुन्या गावाच्या वेशीबाहेर, अंजिराच्या झाडाखाली झरा आहे, आणि झऱ्याशी काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बसलेली असते.

ती प्रत्येकाला पाणी देते, पण त्याआधी शिव्या देते. तुमच्या तोंडाला, तुमच्या बुटांना, तुम्हाला जन्म देऊन बसलेल्यांना, कोणालाही सोडत नाही. पाहुण्यांना भाषा कळत नाही, सूर मात्र बरोबर कळतो. एखादा चिडतो, एखादी बाई रडकुंडीला येते.

पाहुण्यांना वर आणणारा वाटाड्या म्हणजे बार्बा सिदेरिस. बार्बा म्हणजे काका, पण त्याच्या कपाळावरच्या आठ्या पाहून त्याला काका म्हणायची कोणाची छाती होत नाही.

"प्या गुमान," तो म्हणतो. "आणि आभार मानू नका. आभार मानलेत तर पेला हिसकावून घेईल ती."

मग तो दगडावर टेकतो आणि झऱ्याची गोष्ट सांगतो. आवडीने सांगत नाही. ती न ऐकता खाली उतरलेले लोक बेटाला नावं ठेवतात, ते त्याला खपत नाही, म्हणून सांगतो.

फार पूर्वी म्हणे ह्या समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट होता. हिवाळ्यात वादळांमुळे कोणी फिरकत नसे. वसंत आला की समुद्र उघडायचा, आणि सगळं जग फुलांची वाट बघत असताना लिथारीचे लोक डोंगराभोवतीची भिंत लिंपायला घ्यायचे. गावाला एकच दार होतं. झरा दाराबाहेर होता, म्हणून तिथे गावातली एक शहाणी बाई बसवलेली असे. वर येणाऱ्याला ती नीट न्याहाळायची. माणूस खरा वाटला तर पाणी द्यायची आणि मोठ्याने म्हणायची, "भला आलास." तो शब्द कानावर पडला की आतला पहारेकरी अडसर काढायचा. एकदा असं पाणी प्यायलेल्या पाहुण्याला गावात कोणी बोट लावायचं नाही, असा नेम होता.

त्या काळी झऱ्यावर स्तामातिया बसायची. विधवा बाई, जिभेने गोड. तिचा एकुलता एक मुलगा कोस्मास मासे धरायला गेला असताना चाच्यांनी पकडून नेला होता. तो गेल्यावर दर वसंतात ती समुद्राकडे तोंड करून बसे, आणि येणाऱ्या प्रत्येक परक्याला आपल्या लेकाचं नाव सांगून विचारी, कुठे पाहिलात का? त्याच्या नावाने ती देवळात रोज दिवा लावायची. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

इकडे कोस्मास चाच्यांच्या गलबतावर साखळीला बांधलेला, वल्ही मारत होता. माणूस कैदेत पडला की त्याला घर आठवतं, आणि घर आठवलं की तो बोलतो. आमच्या झऱ्याचं पाणी असं गोड, माझी आई तिथे बसते, ती भला आलास म्हणाली की दार उघडतं, असं तो शेजारच्या वल्हेकऱ्याला सांगत बसायचा. ते म्होरक्याच्या कानावर गेलं. आपल्याच घराची तारीफ त्याच्या गळ्याशी आली.

एका वसंतात भर दुपारी कोस्मास त्या वाटेने वर आला. सोबत चार-पाच माणसं, यात्रेकरू असल्यासारखी, अंगावर मेंढपाळांचे जाड लोकरी झगे. स्तामातियाने त्याला वळणावरूनच ओळखलं. चालणं ओळखलं. "भला आलास" हा शब्द अगदी ओठांवर आला, असं सांगतात. वर्षानुवर्षं ती त्याच एका शब्दासाठी जगली होती.

तिने पेला भरून पुढे केला. कोस्मासने पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तहान नाही, आई," तो म्हणाला.

उन्हात तो डोंगर चढून आलेला माणूस! लहानपणी तर झऱ्यात तोंड बुडवून बकरीसारखा पाणी प्यायचा, आणि मार खायचा. त्याचे ओठ फुटलेले होते. ते पाणी घेतलं तर पुढे काय होईल हे त्याला माहीत होतं, म्हणून तो ते घेत नव्हता. स्तामातियाने मग इतरांकडे पाहिलं. घामाने निथळत होते, पण झग्याची एक गाठ कोणी सैल करत नव्हतं, आणि त्यातल्या एकाचा हात कोस्मासच्या पाठीशी झग्याच्या आत होता. हे चाचे आहेत, हे तिने ओळखलं.

चाचे म्हणून ओरडावं, तर सुरा तिथल्या तिथे लेकाच्या पाठीत गेला असता. गोड बोलावं, तर दार उघडलं असतं आणि आतली पोरंबाळं बाजारात विकली गेली असती. तिने पेला जमिनीवर आपटला आणि तोंड सोडलं.

"कोण रे मेल्या तू? आई कोणाला म्हणतोस? माझं पोर राजबिंडं होतं, तू हा असला मुडदा! मला फसवायला आलास? तोंड जळो तुझं! तळपट होवो तुझं आणि तुझ्या ह्या सोबत्यांचं! चालते व्हा इथून! तुमचं गलबत बुडो!"

गलबताचं तिला बोलायचं नव्हतं म्हणे. शिव्यांच्या ओघात निघून गेलं.

दाराआडच्या पहारेकऱ्याने हे ऐकलं. कोस्मासचा चेहरा त्यालाही फटीतून दिसत होता. रोज ज्याच्या नावाने दिवा लावते, त्यालाच ही बाई शिव्या घालते आहे, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, एवढं त्याला कळलं. त्याने दुसरा अडसर घातला. भिंतीवर धोंडे घेतलेली माणसं उभी राहिली. झगेवाल्यांतच असलेल्या म्होरक्याला वाटलं, पोराने थाप मारली, ही ह्याची आई नव्हेच. तो दात खात मागे फिरला, आणि वल्हेकरी कामाचा म्हणून कोस्मासला ओढत घेऊन गेला. आईने जे योजलं होतं ते साधलं. गाव वाचलं, लेकही जिवंत राहिला. जाताना त्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि तो हसला, असं भिंतीवरच्यांनी सांगितलं. स्तामातियाने ते पाहिलं नाही, ती अजून शिव्याच देत होती.

त्या संध्याकाळी काही कारण नसताना उत्तरेचा वारा सुटला. बंदराच्या तोंडाशी जो दुभंगलेला खडक आहे, त्यावर ते गलबत आपटून फुटलं. सकाळी किनाऱ्यावर फळ्या आल्या, वल्ही आली, साखळीचा तुकडा अडकलेलं एक बाकही आलं. त्यावर कोणी नव्हतं.

स्तामातिया रडली नाही. ती परत वर आली, झऱ्याशी बसली आणि म्हणाली, "माझं पोर तहानलेलं गेलं. आता ह्या वाटेने येणारा कोणीही तहानलेला जायचा नाही, मग तो चोर का असेना. पण माझ्या पोराला माझ्या तोंडून जो गोड शब्द मिळाला नाही, तो आता मी कोणाला देणार नाही." आणि गलबताचं नाव जो शिवीत घेईल त्याचं पाणी तोडा, असंही तिने गावाला बजावलं.

तेव्हापासून गावातली सर्वांत वयस्क बाई तिथे बसत आली आहे. मागे एका थट्टेखोर पाहुण्याने हातवारे करून सुचवलं, आजी, आमच्या होडीलाही एक शिवी होऊन जाऊ द्या. म्हातारी उठली, त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि घरी निघून गेली. त्या दिवशी कोणालाच पाणी मिळालं नाही. बार्बा सिदेरिस त्या माणसाला अजून विसरलेला नाही, आणि त्याच्याबद्दल तो जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आजही लिथारीच्या झऱ्यावर शिव्या खाल्ल्याशिवाय पाणी मिळत नाही. पाहुणे खाली उतरले, ऊन कललं, की म्हातारी शेवटचा पेला भरते आणि समुद्राच्या बाजूच्या कठड्यावर ठेवते. त्या पेल्याला शिवी नाही. "भला आलास," ती म्हणते. "पी आता." मग पायात वहाणा सरकवून घरी जाते.

सकाळी पेला रिकामा असतो. बकऱ्या पितात, दुसरं कोण, असं बार्बा सिदेरिस तिरसटपणे म्हणतो. पण स्वतःच्या बकऱ्या मात्र तो रोज संध्याकाळ व्हायच्या आत गोठ्यात बांधून टाकतो.