पऱ्यांची बोहारीण आणि आईची हाक

ओढ्याच्या वळणावर रंगपेठ नावाचं एक गाव होतं. गावात लाल लाल कौलं, निळी-पिवळी दारं आणि दारोदारी तुळशी. या गावाच्या अगदी टोकाला, पत्र्याच्या एवढ्याशा झोपडीत जिवली राहायची. तिचा फ्रॉक विटलेला होता, केस भुरभुरे होते, पण डोळे असे टपोरे की बघणाऱ्याने बघतच राहावं. तिला वडील नव्हते. होती एकटी आई, तुळसाबाई. आणि तुळसाबाई होती बोहारीण.

बोहारीण कोण, ठाऊक आहे ना? डोक्यावरच्या पाटीत चकचकीत भांडी घेऊन जी दारोदार फिरते, जुने कपडे घेते आणि बदल्यात नवी भांडी देते, ती. "जुन्या कपड्यांवर भांड्येऽऽय!" अशी तुळसाबाईची हाक आली की रंगपेठेतली दारं पटापट उघडायची. बायका साड्यांचे गठ्ठे घेऊन ओट्यावर यायच्या आणि मग घासाघीस अशी रंगायची, अशी रंगायची!

"एवढ्या साड्यांना एवढुस्साच डबा?"

"अवं बाई, ही साडी उजेडात धरून बघा की. आरपार तुमचं घर दिसतंय!"

आणि शेवटी प्रत्येकीचं ठरलेलं, "बरं, वर एक वाटी तरी द्या." वर काहीतरी मागितल्याशिवाय रंगपेठेत सौदा पुरा व्हायचाच नाही.

पण हळूहळू कपाटांतून साड्यांऐवजी भलतंच काहीबाही निघू लागलं. बंद पडलेले मोबाइल, चार्जर, रिमोट, मुके रेडिओ, वायरींची भेंडोळी. "तुळसाबाई, हेही न्या आणि एक डबा द्या." तुळसाबाईला वाटलं, वायरीत तांबं असतं, तांब्याला मोल येतं, काय वाईट आहे? ती नेत राहिली. झोपडीमागे ढीग वाढत राहिला. तांबं मोकळं करायला ती खड्ड्यात वायरी जाळायची. काळा, कडवट धूर निघायचा. तो ओढ्यापलीकडच्या बकुळबनात जाऊन पानापानावर बसायचा. आणि तो तुळसाबाईच्या घशातही जाऊन बसला, हे मात्र कुणाच्या लक्षातच आलं नाही.

एका सकाळी तिने हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना.

बोहारणीची हाक गेली म्हणजे काय राहिलं? हाक नाही तर दार कोण उघडणार? जिवलीने स्वतः गल्लीत जाऊन हाक मारून पाहिली. पण तिचा आवाज चिमणीएवढा, तो कुणाला ऐकू जाणार! पाटीतली भांडी धूळ खात पडली. चुलीवरचं पातेलं रिकामं राहू लागलं. पण भुकेपेक्षाही जिवलीला एका गोष्टीचं फार वाईट वाटायचं. पूर्वी दिवेलागणीला आई दारात उभी राहून हाक मारायची, "जिवलेऽऽ!" आता ती ताटलीवर चमचा वाजवायची. टण टण टण. जिवली धावत यायची खरी, पण धावता धावता तिला रडू यायचं.

"आईचा आवाज मी परत आणणार," एक दिवस ती ओढ्याला म्हणाली. "कुठून आणणार ते मला माहीत नाही. पण आणणार म्हणजे आणणार."

आईच्या घशाला थोडा मध मिळाला तर बघावं, म्हणून ती बकुळबनात शिरली. आणि थबकली. हिरवीगार, चकाकणारी ती पानं सगळी काळवंडली होती. फुलांच्या इवल्या इवल्या चांदण्या काजळीत बुडाल्या होत्या. एकही मधमाशी गुणगुणत नव्हती.

"अगंबाई, हा तर आमचाच धूर!" जिवलीचं तोंड एवढंसं झालं.

तिने फ्रॉकचा लोंबणारा तुकडा फाडला, ओढ्यात भिजवला आणि एकेक पान पुसायला घेतलं. वरचं पुसलं, खालचं पुसलं. पुसता पुसता एका पानाखाली तिला काहीतरी काळं, चिकट, बोटाएवढं दिसलं. ते शिंकलं! जिवलीने ओंजळीत पाणी आणून त्याला हळूच न्हाऊ घातलं. काजळी निघाली तसे आतून मोरपिशी पंख चमकले, सोनसळी लुगडं चमकलं, आणि चिमुकल्या डोक्यावरची चिमुकली पाटी चमकली. पाटीत मोत्याएवढी भांडी किणकिण किणकिण वाजत होती.

"तू परी आहेस?" जिवलीने कुजबुजत विचारलं.

"परी तर आहेच. शिवाय पऱ्यांची बोहारीण आहे," परी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "माझं नाव किणकिण. तुझ्या आईच्या धुरात किती दिवस अडकून पडले होते बाई! तू मला सोडवलंस. आता माग काय हवं ते. पण मी बोहारीण हो. जुनं घेतल्याशिवाय नवं देत नाही."

"मला आईचा आवाज हवाय."

किणकिणने पाटीतून चांदीचा एक इवलासा गडू उचलला. तो कानाशी हलवला तेव्हा आत काहीतरी मधुर घुमलं. "हा बघ, आहे. पण याच्या बदल्यात झोपडीमागचा तो अख्खा ढीग."

"अख्खा? थोडं कमी करा की, परीबाई!"

"एक चार्जरसुद्धा कमी होणार नाही. आणि माझे नियम ऐक. जे अजून जिवंत आहे ते जुनं म्हणून खपवायचं नाही. जे मेलंय ते जाळायचं नाही, पाण्यात फेकायचं नाही, मातीत पुरायचं नाही. ज्याला त्याला आपापल्या जागी पोचवायचं. एक जरी वस्तू चुकली तरी हा गडू रिकामा होईल."

जिवली बोहारणीची लेक होती. ती गप्प थोडीच बसणार? "बरं," ती म्हणाली, "मग वर काहीतरी द्या."

किणकिण इतकी हसली, इतकी हसली की तिची सगळी भांडी वाजली. "अस्सल रंगपेठेची आहेस!" तिने एक छोटीशी तांब्याची वाटी काढली. जिवलीच्या तळहातावर येताच वाटी मोठी झाली. "ही कानाला लाव आणि दुसरी बाजू वस्तूला. वस्तू काय म्हणते ते ऐकू येईल."

जिवली ढिगाजवळ आली आणि तिने पहिल्याच रेडिओला वाटी लावली.

"मेलो कुठे? झोपलोय!" रेडिओ खेकसला. "आतली एक तार सुटलीय माझी. कुणी जोडेल तर आत्ता गाईन."

मग काय विचारता! पंखा म्हणाला, मला फक्त तेल हवंय. मिक्सर म्हणाला, मला नवं बटण हवंय. एक भलामोठा टीव्ही मात्र थकलेल्या आवाजात म्हणाला, "मी खरंच संपलोय गं. पण माझ्या पोटात तांबं आहे, काच आहे, आणि विषही आहे. मला फोडू नकोस, जाळू नकोस. ज्यांना हे वेगळं करता येतं त्यांच्याकडे ने."

ज्यांना संपायचं नव्हतं अशा सगळ्या वस्तू जिवलीने आईच्या पाटीत भरल्या आणि बाजारपेठेतल्या दस्तगीरचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात नेल्या. खेप जड होती. मान अवघडली, पाय भाजले, पण ती थांबली नाही. चाचांनी रेडिओची तार जोडली तसा तो खरोखरच गाऊ लागला.

"पोरी, हा चालू होईल हे तुला कसं कळलं?" चाचांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"तोच म्हणाला," जिवली म्हणाली. चाचा हसले. पण दुरुस्त केलेल्या वस्तू विकल्या जाऊ लागल्या, तसं त्यांनी जिवलीच्या पाटीत पीठ घातलं, गूळ घातला. त्या दिवशी झोपडीत भाकरीचा खरपूस वास सुटला.

ढिगात गुलाबी रंगाचा एक मोबाइलही होता. त्याला वाटी लावली तर तो मुसमुसत होता. "मला काहीच झालेलं नाही गं. नव्या रंगाचा फोन आला म्हणून मला काढून टाकलं." तो होता पाटणकर काकूंचा. जिवली तडक त्यांच्या दारात गेली.

"काकू, हा जिवंत आहे. तुम्हीच ठेवा."

"अगं, पण मी तर आणखी एक नवा घ्यायला निघालेय," काकू म्हणाल्या. "जांभळा!"

"काकू, नवा आणाल त्याचं काही नाही. पण जुना कुठे जातो ते येऊन बघता का?"

काकू कुरकुरत आल्या. त्यांनी काळा खड्डा पाहिला, काळी पानं पाहिली, तोंडातून शब्द न फुटणारी तुळसाबाई पाहिली. त्यांनी गुलाबी मोबाइल पदराने पुसला आणि पर्समध्ये ठेवला. जांभळ्याचं नावही काढलं नाही.

ढीग घटत चालला. उरल्या खरोखर मेलेल्या वस्तू आणि वायरींचं एक मोठं भेंडोळं. तालुक्याहून ई-कचरा न्यायला हिरवी गाडी यायची, पण ती बाजाराच्या दिवशीच. बाजार अजून लांब होता आणि पिठाचा डबा पुन्हा तळाला गेला होता. एका दुपारी जिवली पाणी घेऊन आली, तर आई भेंडोळ्याशी काड्यापेटी घेऊन उभी.

"आई, नको!" जिवलीने हंडा टाकला आणि धावत जाऊन ती भेंडोळ्यावरच बसली. मांडी घालून, हात पसरून बसली.

आईने पोटाकडे बोट दाखवलं. मग जिवलीच्या पोटाकडे दाखवलं. तिचे डोळे भरले होते.

"मला भूक आहे, आई. पण कळ काढीन मी. यातून तांबं निघेल आणि तुझा आवाज कायमचा जाईल. पेटवायचंच असेल तर आधी मला उठव. मी उठणार नाही."

आईने काड्यापेटी हंड्यातून सांडलेल्या पाण्यात टाकली आणि लेकीला त्या भेंडोळ्यासकट मिठी मारली.

त्या संध्याकाळी त्यांनी पाणी पिऊनच झोप काढली असती. पण पाटणकर काकू झाकलेलं ताट घेऊन आल्या आणि बाजाराच्या दिवसापर्यंत येत राहिल्या.

बाजाराच्या दिवशी हिरवी गाडी आली. गाडीवर नलूताई होती, जाड हातमोजे घातलेली. "वायरी आमच्याकडे यंत्राने सोलतात," ती जिवलीला म्हणाली. "धूर नाही, काही नाही. तांबं इकडे, प्लास्टिक तिकडे." टीव्ही गेला, रिमोट गेले, वायरी गेल्या. ढिगाच्या जागी मोकळी माती दिसू लागली.

आणि त्या मातीत एक शेवटची वस्तू पडलेली दिसली. बटणांचा एक छोटा, जुना फोन. जिवलीने वाटी लावली मात्र, ती जागच्या जागी खिळली.

"जिवलेऽऽ! ये गं बाळा, भाकरी निवली!"

आईचा आवाज! हा आईचाच जुना फोन होता. कधीतरी बोलता बोलता आईने मारलेली ती हाक त्याच्या आत राहून गेली होती. जिवलीने पुन्हा वाटी लावली. पुन्हा हाक आली. तिने फोन छातीशी घट्ट धरला.

"मला ठेवू नकोस," फोन खोल आवाजात म्हणाला. "माझी बॅटरी फुगलीय. कधी पेट घेईन सांगता येत नाही. मी मेलोय, जिवले."

"पण तुझ्यात आई आहे!"

"माझ्यात आईची एक हाक आहे. तेवढीच."

नलूताईने गाडी सुरू केली. जिवलीने फोन आणखी घट्ट धरला. परीने फसवलं तर? गडू रिकामाच निघाला तर? मग ही हाकही जाणार. कुणी पाहत नव्हतं, खिशात टाकला असता तरी कुणाला कळलं नसतं. तिने शेवटचं एकदा ऐकलं, डोळे पुसले आणि ती ओरडली, "नलूताई, थांबा! एक राहिलाय. बॅटरी फुगलीय, सांभाळून घ्या!"

नलूताईने वाळूच्या डब्यात तो फोन अलगद ठेवला. हिरवी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. जिवलीने वाटी कानाला लावली. आत आता काहीच नव्हतं.

ती बकुळबनात गेली. तिने पुसलेल्या पानांवर उतरतं ऊन खेळत होतं आणि एक मधमाशी परत आली होती. एका फांदीवर किणकिण पाय हलवत बसली होती.

"सगळं दिलं," जिवली म्हणाली. "शेवटचंही दिलं."

"मला दिसलं ते," किणकिण म्हणाली. आता ती मुळीच हसत नव्हती. "ढिगाएवढंच मी मागितलं होतं, पोरी. पण त्या फोनचं ओझं त्या सगळ्या ढिगापेक्षा जड होतं." तिने चांदीचा गडू झोपडीच्या दिशेने कलंडला. त्यातून रुपेरी, गुलाबी, सोनेरी थेंब निघाले आणि ओढ्यावरून तरंगत गेले. "वाटी तुझ्याकडेच राहू दे. ती वर दिलेली आहे. वरचं कुणी परत घेतं का?"

तिचे मोरपिशी पंख उघडले. सारं बन उजळलं, फूल न् फूल दिव्यासारखं झालं, भांडी एकदा किणकिणली, आणि परी त्या उजेडातच विरून गेली.

पुढे रंगपेठेत नवी हाक घुमू लागली, "कपडे द्या, बिघडलेलं द्या, भांड्येऽऽय! जाळू नका, फेकू नका, भांड्येऽऽय!" तुळसाबाई पाटी उतरवायची आणि जिवली प्रत्येक वस्तूला आधी वाटी लावायची. पण ते सगळं नंतर.

त्या संध्याकाळी जिवली बकुळीखाली एकटीच उभी होती. दिवेलागण झाली. ती कान देऊन ताटलीच्या टण टण टणची वाट पाहू लागली. ताटली वाजली नाही.

"जिवलेऽऽ!"

ओढ्यापलीकडून हाक आली. खणखणीत, भरदार, आईची.

जिवलीच्या ओठांवर ओ आलीच होती. पण तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि ती झाडामागे लपली. आई पुन्हा हाक मारेल म्हणून.