मिशी की मिशा?

दिवाण त्र्यंबकपंतांनी भिवरावर दुसऱ्यांदा खटला भरला, तोही त्याच मिशांवरून.

पहिल्याची हकिकत सगळ्या सोनगिरीला पाठ होती. बाप तापाने पडलेला, म्हणून न्हाव्याची लेक भिवरा पंतांची दाढी करायला गेली. ऐन वेळी पंतांना शिंक आली आणि वस्तरा ओठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला. पंचांनी निवाडा दिला, शिंक पंतांची, भिवरा निर्दोष.

पण पंतांच्या कारकुनाने निवाडा भिंग लावून वाचला. त्यात ‘मिशी’ लिहिलं होतं, ‘मिशा’ नव्हे. म्हणजे ती सुटली डाव्या मिशीपुरती. उजवीचा गुन्हा अजून शिल्लक!

भिवरा थेट दरबारात गेली. खटला संपेपर्यंत आरोपी कोठडीत, आणि पंतांचा खटला चाळीस दिवसांच्या आत कधी संपला नव्हता. घरी तिचं तीन महिन्यांचं बाळ होतं, अंगावर पिणारं.

"महाराज, एकदा सुटलेय मी. त्याच शिंकेपायी पुन्हा उभी करू नका."

पंतांनी सवयीने मिशीला पीळ द्यायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. मग नियम सांगितला. दाद मागायची ती निकालानंतर. खटला चुकीचा निघाला तर तसं निकालात लिहू, घाई काय आहे?

राजा नियमाच्या बाबतीत भारी हट्टी.

"आधी खटला चालेल," तो म्हणाला. "चालायला हवा होता की नाही, ते मग बघू. यात काही चुकतंय असं वाटत असेल तर इथेच दाखवून दे. नाहीतर कोठडी."

भिवराने अदबीने विचारलं, महाराजांची आजची दाढी व्हायची आहे का? व्हायचीच होती. तिने धोकटी उघडली, फेस केला, गालांना लावला आणि लावता लावता राजाच्या झुपकेदार मिशांवरही चढवला. वस्तरा परजून नाकाखाली टेकवला.

"अगं, अगं! मिशा नाही काढायच्या!"

"ते मग बघू की, महाराज. आधी काढून तर होऊ दे. काढायला नको होत्या असं निघालं, तर तसं लिहून देईन."

दरबारात शिंकायची कुणाची छाती नव्हती. भिवराने वस्तरा लांब नेला, तेव्हा कुठे राजा हसला. इतका हसला की फेस पंतांच्या अंगरख्यावर उडाला.

खटला तिथल्या तिथे रद्द झाला. बाळाला चांदीचे वाळे मिळाले. आणि एका हाताने मिशा झाकून धरत राजाने कारकुनाला हुकूम सांगितला, "लिही, एका शिंकेला एकच खटला!"