वेटोळूची ओल हरवली

परसात होती मोरी. मोरीपाशी होतं अळू. अळूखाली राहायचं इवलंसं गांडूळ. नाव त्याचं वेटोळू.

वेटोळूला नाक नाही. ओल्या अंगानेच तो श्वास घेतो. आत, सूं. बाहेर, फूं.

एकदा काय झालं? वेटोळू दगडाखाली शिरला. चार दिवस नुसता लोळला. माती खणली नाही, काही नाही. आळशी कुठला!

पाचव्या दिवशी उठला. दगड कोरडा. अंग कोरडं. ओल गेली कुठे? श्वास घेता येईना. वेटोळू घाबरला.

लिबलिब लिबलिब गेला मातीकडे.

"मातीबाई, मातीबाई, ओल दे. ओल नाही, तर श्वास कसा घेऊ?"

"अळू सावली धरेल, तर ओल देईन."

लिबलिब लिबलिब गेला अळूकडे. अळूची मान खाली.

"अळूदादा, अळूदादा, सावली धर. माती ओल देईना. ओल नाही, तर श्वास कसा घेऊ?"

"बादली पाणी देईल, तर सावली धरीन."

लिबलिब लिबलिब गेला बादलीकडे.

"बादलीताई, बादलीताई, पाणी दे. अळू सावली धरेना. माती ओल देईना. ओल नाही, तर श्वास कसा घेऊ?"

"काकू ओतेल, तर पाणी देईन."

लिब... लिब... गेला शेवंताकाकूकडे. काकू भांडी विसळत होती.

"काकू, काकू, पाणी ओत. बादली पाणी देईना. अळू सावली धरेना. माती ओल देईना. ओल नाही, तर श्वास कसा घेऊ?"

"ओतू कशी, बाळा? माती झालीय घट्ट. पाणी आत जातच नाही. सर्रर्र येतं माझ्या दारात. काल मी घसरले, धप्प! मातीला भोकं पडतील, तर ओतीन."

"भोकं कोण पाडतं?"

काकू हसली. "तूच की रे, लबाडा."

वेटोळू लाजला. काकूने ओली बोटं झटकली. टप, टप. वेटोळूला एक श्वास आला. एवढासाच, पण आला.

लिबलिब लिबलिब शिरला मातीत. खुडुक खुडुक माती खाल्ली. खुडुक खुडुक भोकं पाडली.

भोकं पडली, मग काकूने ओतलं.
काकूने ओतलं, मग बादलीने पाणी दिलं.
बादलीने पाणी दिलं, मग अळूने सावली धरली.
अळूने सावली धरली, मग मातीने ओल दिली.
ओल आली, आणि श्वास आला. आत, सूं. बाहेर, फूं.

वेटोळूने शी केली. मातीची इवली इवली गोळी. अळूला ती फार आवडली. अळू बोटभर वाढलं. त्याने एक पिवळं पान खाली टाकलं. "घे, वेटोळू. हे तुझं."

काकूने खाल्ल्या अळूवड्या. वेटोळूने खाल्लं पिवळं पान.

आणि तू रे? नाकाला बोट लाव बघू.

आत, सूं. बाहेर, फूं.