पाटाची वाट

फार वर्षांपूर्वी जावा बेटावर, सुंदा लोकांच्या मुलखात, डोंगरउतारावर एक शांत गाव होतं. तिथल्या इचिह नावाच्या शेतकरणीकडे एक म्हातारा, आंधळा रेडा होता.

"याला फुकट कशाला पोसतेस?" शेजारी विचारायचे.

"जन्मभर राबलाय तो," ती म्हणायची.

एका वर्षी दरड कोसळली. भातखाचरांना पाणी देणारा पाट चिखलाखाली गडप झाला. कुठे खणावं, कुणालाच कळेना. रोपं सुकू लागली.

"मला तिकडे ने," रेडा इचिहला म्हणाला. "वीस वर्षं त्या काठाने चाललोय. माझ्या पायांना वाट ठाऊक आहे."

तो सावकाश पुढे चालला आणि सारं गाव त्याच्या मागे खणत गेलं. तिसऱ्या दिवशी पाणी आलं.

सुगीला इचिहने भाताची पहिली पेंढी त्याच्यापुढे ठेवली.

"आधी घरच्यांना दे," रेडा म्हणाला.

"त्यांनाच देतेय," ती म्हणाली.