पाणवठ्यावरची नोटीस

माणसांनी बाजार मांडायच्याही आधीची गोष्ट. जंगलाच्या दवाखान्यासाठी दरसाल गवताची खरेदी व्हायची. नोटीस सागाच्या शेंड्यावर लागायची, त्यामुळे भाव देणारे एकटे माकडराव. ते खुशाल ओलं गवत गळ्यात मारायचे आणि आजारी पाडसं त्यावर कुडकुडायची.

यंदा कोठारावर कासवबाई आल्या. त्यांना झाडावर चढता येईना, म्हणून त्यांनी नोटीस पाणवठ्यावरच लावली. पाणी प्यायला आलेल्या सशाने आणि घुशीने ती वाचून कोरड्या गवताचे नमुने आणले. मग माकडरावही धावत आले, सगळ्यांत कोरडं आणि सगळ्यांत स्वस्त गवत घेऊन.

"अगंबाई, असला माल होता तुमच्याकडे?"

"होता की, कासवबाई! पण आजवर दुसरं कुणी आणतच नव्हतं ना."

कासवबाईंनी हसून तेच गवत घेतलं. पाडसं त्यात शिरून झोपलीसुद्धा.